बारावीनंतर एनडीए: गोव्यातल्या विद्यार्थ्याला संधी किती आणि तयारी कशी

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे एनडीएत, निवड झाली की तीन वर्षांचं शिक्षण, राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश आणि औषधोपचार यांचा खर्च सरकार उचलतं. शेवटी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते. मग भूदलासाठी देहरादून, नौदलासाठी केरळातलं एझिमला, हवाई दलासाठी हैदराबादजवळचं दुंडिगल असं अंतिम प्रशिक्षण होतं आणि त्या काळात महिन्याला ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळतं. घरातून द्यावी लागते ती रुजू होतानाची रक्कम. तिच्यात हातखर्च, कपडे आणि गटविमा येतो. मधेच स्वतःहून सोडून आलात तर प्रशिक्षणाचा खर्च वसूल केला जातो, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

पालक पहिला प्रश्न विचारतात तो हाच: आपल्या मुलाला कितपत संधी आहे? वर्षातून दोन परीक्षा होतात आणि लाखांनी अर्ज येतात. २०२५ च्या पहिल्या परीक्षेसाठी जागा होत्या ४०६. त्यांत भूदल २०८, नौदल ४२, हवाई दल १२० आणि एझिमलाच्या नौदल अकादमीत थेट प्रवेशाच्या ३६. मुलींसाठी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे वाट मोकळी झाली आणि मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी खडकवासल्याहून बाहेर पडली. तरीही मुलींच्या जागा अजून थोड्याच आहेत. भूदलाच्या त्या २०८ पैकी फक्त १०.

लाखांना चारशेनं भागून घाबरू नका. अर्ज करणाऱ्यांतले पुष्कळ जण नुसते बसून बघणारे असतात. खरी गाळणी कुठे लागते ते बघा. लेखी परीक्षा ९०० गुणांची आणि सेवा निवड मंडळाची, म्हणजे एसएसबीची, मुलाखतही ९०० गुणांची. २०२२ च्या पहिल्या परीक्षेत लेखीची कटऑफ ३६० होती, २०२४ च्या पहिल्या परीक्षेत २९१. शिवाय प्रत्येक पेपरात स्वतंत्र किमान गुण लागतात. म्हणजे ३२ ते ४० टक्के गुण मिळवणारा लेखीतून पुढे जातो. २०२४ च्या त्याच परीक्षेची अंतिम कटऑफ १८०० पैकी ६५४ होती आणि गुणवत्ता यादीत ६४१ नावं होती. यादी जागांपेक्षा मोठी असते, कारण वैद्यकीय तपासणीत आणि पसंतीक्रमात पुढे बरेच जण गळतात.

या आकड्यांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. लेखीत २९१ वर निसटून पास झालेल्याला अंतिम यादीत यायला एसएसबीत ३६३ गुण लागले असते. लेखीत ४०० मिळवलेल्याला २५४. एसएसबीत आधी 'शिफारस' मिळावी लागते, ती अट दोघांनाही सारखीच. पण शिफारस मिळूनही यादीबाहेर राहण्याची वेळ ४०० वाल्यावर सहसा येत नाही. म्हणून लेखीचं लक्ष्य कटऑफ नव्हे, ४०० ठेवा.

वयाचं गणित आधी करा

कोर्स सुरू होताना वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस असावं लागतं आणि उमेदवार अविवाहित हवा. सप्टेंबरच्या परीक्षेचा कोर्स पुढच्या जुलैत सुरू होतो, एप्रिलच्या परीक्षेचा पुढच्या जानेवारीत. बारावीत शिकत असतानाही अर्ज करता येतो, अकरावीत मात्र नाही. आता हिशेब: मार्च २००९ मध्ये जन्मलेला आणि २०२६-२७ ला बारावीत असलेला विद्यार्थी सप्टेंबर २०२६, एप्रिल २०२७ आणि सप्टेंबर २०२७ अशा तीन परीक्षा देऊ शकतो. एप्रिल २०२८ च्या वेळी त्याचं वय निघून गेलेलं असेल. आपली जन्मतारीख घेऊन असा हिशेब कागदावर मांडा. अशा तीनच संधी असतील, तर पहिली 'अनुभवासाठी' म्हणून वाया घालवली की एक तृतीयांश संधी गेली.

गोवा बोर्डाची बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास आटोपते. एप्रिलच्या एनडीएपर्यंत हाती महिना-दीड महिना उरतो आणि बोर्डाचं गणित डोक्यात ताजं असतं. तुमची सर्वांत चांगली संधी हीच. सप्टेंबरची परीक्षा मात्र चवथीच्या दिवसांत किंवा तिला लागून येते. घर पाहुण्यांनी भरलेलं असताना शेवटच्या दोन आठवड्यांत अभ्यास होत नाही, म्हणून त्या वर्षी अभ्यासक्रम ऑगस्टच्या मध्यावर संपेल अशी आखणी करा.

अकरावीचे विषय

भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते. हवाई दल, नौदल आणि नौदल अकादमीसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. डॉक्टर होण्याच्या आशेनं गणित सोडून जीवशास्त्र घेणाऱ्याला नंतर फक्त भूदल उरतं, आणि तिथेही गणिताचा तोच पेपर सोडवावा लागतो. हायर सेकंडरीला प्रवेश घेतानाच गणित ठेवा. वाणिज्य शाखेतही जिथे गणिताचा पर्याय असेल तिथे तोच घ्या.

गणिताचा पेपर ३०० गुणांचा: अडीच तासांत १२० प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण. म्हणजे प्रश्नाला सव्वा मिनिट. चुकलं तर एक तृतीयांश, साधारण ०.८३ गुण वजा. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडलात तर फायदा-तोटा सरासरीनं शून्य. एक पर्याय जरी खात्रीनं बाद करता आला तर उत्तर लिहिणं फायद्याचं. ६० बरोबर आणि २४ चूक असतील तर हाती १३० गुण येतात. तेवढे आले तर गणितानं आपलं काम केलं.

अकरावी-बारावीची एनसीईआरटीची पुस्तकं, जी गोव्यात आपण शिकतोच, हाच या पेपराचा पाया. त्रिकोणमिती, निश्चयक (डिटरमिनंट) आणि आव्यूह (मॅट्रिक्स), कलन (कॅल्क्युलस), सदिश (व्हेक्टर), संभाव्यता यांवर भरपूर प्रश्न येतात. वर्गात उदाहरण सहा ओळींत सोडवायची सवय लागलेली असते, इथे तेवढा वेळ मिळत नाही. उत्तराचे पर्याय सूत्रात घालून बघणं, सोपी किंमत घेऊन तपासणं, हे वेगळं शिकावं लागतं आणि ते जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवल्याशिवाय येत नाही. आठवड्याला एक पूर्ण पेपर सोडवा. चुकलेल्या प्रश्नापुढे कारण लिहा: सूत्र आठवलं नाही, आकडेमोड चुकली, की वेळ संपला. महिन्याभरात कोणतं कारण वरचेवर येतं ते दिसतं आणि अभ्यास तिथेच करायचा. कॅल्क्युलेटर चालत नाही, म्हणून घरीही वापरू नका.

दुसरा पेपर सामान्य क्षमतेचा, ६०० गुणांचा, १५० प्रश्न, प्रत्येकी चार गुण, चुकीला १.३३ वजा. त्यात इंग्रजीचे २०० गुण. उरलेल्या शंभर प्रश्नांत साधारण २५ भौतिकशास्त्राचे, १५ रसायनाचे, १० सामान्य विज्ञानाचे, २० इतिहासाचे, २० भूगोलाचे आणि १० चालू घडामोडींचे. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, मराठीत नसते. विज्ञान शाखेची मुलं इतिहास-भूगोल बारावीच्या गडबडीत टाकून देतात आणि ४० प्रश्नांवर पाणी सोडतात. सहावी ते दहावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकांतले इतिहास-भूगोलाचे धडे दिवसाला एक या गतीनं वाचले तर काही महिन्यांत एकदा वाचून होतात. ८५ बरोबर, ४५ चूक एवढं जमलं तरी २८० गुण. गणिताचे १३० मिळवले की ४१०.

मराठी प्राथमिक शाळेतून आलेल्या मुलांना इंग्रजी जड जातं, पण या पेपरातलं इंग्रजी साहित्याचं नसतं. वाक्यातली चूक ओळखणं, समानार्थी शब्द, वाक्याचे तुकडे क्रमानं लावणं, उताऱ्यावरचे प्रश्न, एवढंच. रोज इंग्रजी दैनिकाचा एक अग्रलेख वाचा, त्यातले पाच अनोळखी शब्द वहीत उतरवा आणि त्यांतले दोन त्याच दिवशी बोलताना वापरा. हाच सराव पुढे एसएसबीत उपयोगी पडतो.

अर्ज भरताना

एप्रिलच्या परीक्षेची जाहिरात डिसेंबरात येते, सप्टेंबरच्या परीक्षेची मे महिन्यात. अर्ज यूपीएससीच्या संकेतस्थळावर भरायचा. शुल्क १०० रुपये. मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना माफ. पणजी हे परीक्षा केंद्र आहे, पण केंद्रं आधी येईल त्याला आधी या नियमानं भरतात. शेवटच्या दिवशी अर्ज भरणाऱ्याला राज्याबाहेर जावं लागू शकतं.

गोव्यात दोन गोष्टी वारंवार नडतात. पहिली, नावाचं स्पेलिंग. जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाचं आडनाव आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर मराठी वळणाचं, असं कितीतरी घरांत असतं: एकीकडे एक 'एस', दुसरीकडे दोन, एकीकडे 'क्यू', दुसरीकडे 'के'. अर्जात दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच नाव आणि जन्मतारीख लिहा. आधार, बारावीचं हॉल तिकीट, बँक खातं सगळीकडे तेच करून घ्या. ही दुरुस्ती अकरावीत सुरू केली तर शांतपणे होते, मुलाखतीचं पत्र आल्यावर होत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. उमेदवार भारताचा नागरिक असावा लागतो. भारतीय नागरिकानं स्वेच्छेनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की नागरिकत्व कायद्यानुसार भारतीय नागरिकत्व संपतं. आजोबांच्या नावावरून लिस्बनला मुलाच्या जन्माची नोंद करायची आणि पुढे पोर्तुगीज पासपोर्ट काढायचा, असा विचार घरात चालला असेल तर आधी मुलाला विचारा आणि जाणत्या वकिलाचा सल्ला घ्या. सैन्यात जायची इच्छा असलेल्या मुलासाठी हा निर्णय मोठ्यांनी परस्पर घेऊ नये.

अर्जात सेवांचा पसंतीक्रम विचारतात. जी सेवा लिहिली नाही तिच्यासाठी तुमचा विचारच होत नाही, म्हणून जिथे जायची तयारी आहे त्या सगळ्या भरा. लेखीचा निकाल लागला की दोन आठवड्यांच्या आत भूदलाच्या भरती संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. ती राहिली तर पास होऊनही मुलाखतीचं बोलावणं येत नाही. निकाल बघून पेढे वाटायच्या आधी ही नोंदणी करा.

एसएसबीचे पाच दिवस

गोव्याच्या उमेदवाराला साधारणपणे बंगळूर, भोपाळ किंवा हवाई दलासाठी म्हैसूर अशी केंद्रं येतात. बंगळूरला वास्कोहून यशवंतपूरची गाडी कुळे-कॅसलरॉकचा घाट चढून जाते. पावसात दरड कोसळून ती खोळंबते, म्हणून जुलै-ऑगस्टात एक दिवस आधी पोचेल असं तिकीट काढा. भोपाळला मडगावहून मंगला एक्सप्रेस आणि वास्कोहून गोवा एक्सप्रेस जाते. एनडीएच्या एसएसबीला पहिल्यांदाच जात असाल तर थ्री-टायर एसीचं जाण्यायेण्याचं भाडं परत मिळतं, तेव्हा तिकीट जपून ठेवा. दहावी-बारावीची मूळ प्रमाणपत्रं, पासपोर्ट आकाराचे वीसेक फोटो आणि पालकांनी सही केलेलं जोखीमपत्र बरोबर हवं.

पहिल्याच दिवशी चाळणी होते आणि निम्म्याहून अधिक जण त्याच संध्याकाळी परतीच्या गाडीत बसतात. आधी बुद्धिमत्तेचे प्रश्न, मग एक अंधूक चित्र ३० सेकंद दाखवतात, चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची, ती गटात सांगायची आणि सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. ही चर्चा हमखास मासळीबाजार होते. ओरडण्यात भाग घेऊ नका आणि गप्पही बसू नका. दोन-तीनदा, प्रत्येक वेळी एखादं वाक्य, पण चर्चा पुढे नेणारं: "नायक कोण, हे ठरलं, आता तो काय करतोय ते ठरवू." गोव्याची मुलं इथे कमी पडतात ती बुद्धीनं नव्हे, अनोळखी पंधरा जणांत, हिंदी-इंग्रजीत, मोठ्या आवाजात बोलायचा सराव नसतो म्हणून. हायर सेकंडरीतल्या चार-पाच मित्रांना जमवा, वर्तमानपत्रातला एक फोटो घ्या आणि आठवड्यातून दोनदा हा खेळ खेळा. खर्च काहीच नाही आणि याच्याइतका उपयोगी सराव दुसरा नाही.

दुसरा दिवस मानसशास्त्रीय चाचण्यांचा. अकरा चित्रं आणि एक कोरं कार्ड, प्रत्येकावर चार मिनिटांत गोष्ट. मग ६० शब्द, प्रत्येकी १५ सेकंदांत एक वाक्य. मग ६० प्रसंग, अर्ध्या तासात. शेवटी स्वतःचं वर्णन, १५ मिनिटांत. पाठ केलेली उत्तरं इथे मार खातात, कारण शेकडो जणांनी तीच पुस्तकं पाठ केलेली असतात. हात मात्र वेगानं चालायला हवा. रोज वीस शब्द घेऊन घड्याळ लावून लिहा. गोष्टीचा नायक तुमच्याच वयाचा आणि तुमच्याच जगातला असू दे. सत्तरीतल्या मुलानं ओहोळाला पूर आल्यावर दोरी, टॉर्च आणि शेजारी जमवून पलीकडच्या घरातल्या म्हातारीला बाहेर काढलं, ही गोष्ट तुम्हाला तपशिलासकट लिहिता येईल. एकट्यानं दहा दहशतवादी पकडणारा नायक कोणालाच खरा वाटत नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मैदानावरची कामं: फळ्या, दोर, पिंप घेऊन गटानं अडथळे पार करणं, तीन मिनिटांचं भाषण, वैयक्तिक अडथळे. लाल रंगाच्या भागाला माणसानं किंवा सामानानं शिवायचं नाही, मोठं अंतर उडी मारून ओलांडायचं नाही, असे नियम सुरुवातीला सांगतात. ते नीट ऐकणारा निम्मं काम तिथेच करतो. इथे परीक्षक ताकद मोजत नसतो, तो बघतो की तुमची सूचना कामाची आहे का, दुसऱ्याची चांगली सूचना तुम्ही उचलता का आणि दोराला हात लावता का.

शारीरिक तयारीचं किमान माप अधिसूचनेतच दिलेलं आहे: २.४ किलोमीटर १५ मिनिटांत, पुश-अप्स आणि सिट-अप्स किमान २०, चिन-अप्स किमान ८, दोरावर ३-४ मीटर चढणं. चिन-अप्सना सगळ्यांत जास्त वेळ लागतो. शून्यापासून आठपर्यंत यायला चार-पाच महिने धरा. धावायला मिरामारची ओली वाळू चांगली, पण आठवड्यातून दोनदा तरी डांबरी रस्त्यावर किंवा मैदानावर वेळ लावून धावा, कारण वाळूवरचा वेळ खरा अंदाज देत नाही.

मुलाखत तुम्ही भरलेल्या माहितीपत्रकावरून होते. फुटबॉल हा छंद लिहिलात तर गोव्यातले क्लब, ऑफसाइडचा नियम आणि तुम्ही कोणत्या जागी खेळता हे सगळं विचारतील. गोव्याचा उमेदवार म्हटल्यावर १९६१ चं ऑपरेशन विजय येणारच: १८ आणि १९ डिसेंबर, अंजदीव बेटावर धारातीर्थी पडलेले सात नौसैनिक, मुरगाव बंदराजवळची पोर्तुगिजांच्या अल्बुकर्क युद्धनौकेची लढत. दाबोळीचं आयएनएस हंसा काय करतं, म्हादईचा वाद नेमका कशाचा, आपल्या तालुक्याची लोकसंख्या आणि मुख्य पीक कोणतं, हे सांगता यायला हवं. जबाबदारीच्या रकान्यात मोठी पदं नसली तरी चालतं. शिगम्याच्या रोमटामेळाचा हिशेब ठेवला, चवथीच्या आरतीला वाड्यावरची मुलं गोळा केली, हे खरं असेल तर लिहा आणि त्यात अडचण काय आली, कशी सोडवली ते सांगा.

वैमानिकासाठी संगणकावरची वेगळी अभियोग्यता चाचणी असते. ती आयुष्यात एकदाच देता येते.

शरीराची तपासणी आधी घरी

शिफारस मिळाल्यानंतर वैद्यकीय तपासणीत गळणाऱ्यांचं दुःख सर्वांत मोठं, आणि त्यातलं बरंच टाळता येतं. अकरावीतच नेत्रतज्ज्ञ, कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि दंतवैद्य यांच्याकडे एकदा जाऊन या. कानातला मळ, किडलेले दात, नाकाचा वाकडा पडदा, जास्तीचं वजन यांवर वर्षभरात उपाय होतो. रंगांधळेपणावर होत नाही. तो असेल तर तीन संधी खर्च करण्याआधी कळलेला बरा. उंची भूदलासाठी मुलांना साधारण १५७ सेंटिमीटर, उड्डाण शाखेसाठी १६२.५ लागते. लेझर करून चष्मा घालवण्याचा सल्ला बरेच जण देतात, पण शस्त्रक्रियेच्या वेळी वय विशीच्या पुढे असावं ही अट एनडीएच्या वयात बसतच नाही. हातावर नाव गोंदवू नका. अपात्र ठरवलं तर ४२ दिवसांच्या आत अपील वैद्यकीय मंडळापुढे जाता येतं. जाण्याआधी तो दोष बरा करून, त्याचे कागद घेऊन जा.

एनडीएखेरीज

एनडीएची तयारी करून घेणारी छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था महाराष्ट्राचा अधिवास असलेल्यांसाठी आहे. गोव्याचा दाखला घेऊन तिथे वेळ घालवू नका. त्याऐवजी आणखी तीन अर्ज भरता येतात. नौदलाची दहा अधिक दोन बीटेक योजना: भौतिक, रसायन, गणितात मिळून ७० टक्के, इंग्रजीत ५० टक्के आणि जेईई मेनची रँक. लेखी नाही, थेट एसएसबी, आणि एझिमलाला चार वर्षांची बीटेक नौदलाच्या खर्चानं. भूदलाची तांत्रिक प्रवेश योजना: त्याच विषयांत ६० टक्के आणि जेईई मेन दिलेली असणं. जीवशास्त्र घेतलेल्यांसाठी पुण्याचं सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय, नीटच्या गुणांवरून. पहिल्या दोन्हींसाठी जेईई लागते, म्हणून इंजिनिअर व्हायचं नसलं तरी बारावीत जेईई मेनचा अर्ज भरा आणि परीक्षा मन लावून द्या. एनडीएच्या गणिताचा सराव तिथेही कामाला येतो, आणि एनडीए आणि या दोन योजना, तिन्ही वाटांवरची एसएसबी तीच असते.